रोज कोणाच्या हातात पडला?
दलित आत्मकथनांतील स्त्रीच्या श्रमाविषयी

दलित साहित्याच्या समीक्षेने आपले असे काही शब्द घडविले. वेदना, विद्रोह आणि नकार हे त्यांतले अग्रभागी. या शब्दांनी मोठे काम केले आहे, हे कोणीही मान्य करील. प्रस्थापित समीक्षा सौंदर्य, आनंद आणि अलौकिकता यांची मोजपट्टी घेऊन आमच्या वाङ्मयाला 'प्रचारी' म्हणत होती, त्या वेळी याच शब्दांनी आम्हाला उभे राहायला जमीन दिली. परंतु मोजपट्टी कोणतीही असो, तिच्यात जे बसत नाही ते हळूहळू नसल्यासारखेच होते. आमच्या शब्दांच्या यादीत 'श्रम' हा शब्द कधी ठळकपणे आला नाही. 'मजुरी' तर नाहीच. त्यामुळे दलित स्त्री आमच्या समीक्षेत सोशीक आई म्हणून आली, अत्याचाराची बळी म्हणून आली, क्वचित रणरागिणी म्हणूनही आली. पण कामगार म्हणून आली नाही. या लेखात मला नेमके याविषयी बोलावयाचे आहे. बोट दुसऱ्यांकडे दाखवून भागणार नाही. या दोषात माझाही वाटा आहे, आणि तो मी प्रथम सांगते.

१९८७ साली मला महाविद्यालयात मराठी शिकवू लागून दोन वर्षे झाली होती. दलित आत्मकथनांतील आईच्या चित्रणावर मी एक निबंध लिहिला आणि एका चर्चासत्रात वाचला. त्यात 'माउली', 'करुणेचा झरा', 'धरणीसारखी सोशीक' असे शब्द जागोजागी होते. टाळ्या पडल्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा मोठ्या हौसेने तो निबंध मायला वाचून दाखविला. मायला अक्षर येत नव्हते. पण ऐकण्यात ती पक्की होती. कीर्तन असो की जयंतीचे भाषण, दुसऱ्या दिवशी ती त्यातली चूक बरोबर सांगत असे. सगळे ऐकून झाल्यावर तिने विचारले,

"एवढ्या मायांचं लिव्हलंस, पर एकीला बी रोज किती पडत व्हता ते न्हाई सांगितलंस. आन् तो रोज कोनाच्या हातात पडत व्हता?"

मी म्हणाले, "अगं माय, ह्यो साहित्याचा निबंध हाय. हिशोबाची वही न्हाई."

माय म्हणाली, "मंग त्यात माय कशाला घातली?"

त्या वेळी मला हसू आले. आज येत नाही. मायने विचारलेला प्रश्न हा समीक्षेचाच प्रश्न होता, हे कळायला मला पुष्कळ वर्षे लागली.

तिच्या प्रश्नाला तिचा इतिहास होता. १९७२ च्या दुष्काळात आमच्या तालुक्यात खडी फोडण्याची कामे निघाली. बाप आणि माय दोघेही जात. दगड बाप फोडी, मायही फोडी. शिवाय पाणी आणणे, पाटी उचलणे आणि झोळीतल्या पोराला मधूनच पाजणे ही कामे तिची. खडीचा ढीग मोजून ब्रासवर पैसे मिळत. ढीग दोघांचा, पण नाव बापाचे. अंगठा बापाचा, आणि पैसे मुकादमाकडून बापाच्या हातात. पगाराच्या दिवशी बाप घरी कधी येई, हे दुकान कोणत्या वाटेवर आहे त्यावर अवलंबून असे. संध्याकाळी चूल पेटवायची मात्र मायनेच. सुकडीचे पाकीट मिळाले तर त्यावर रात्र निघे. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि हे सर्व डोळ्यांनी पाहत होते. तरीही पुढे निबंध लिहायला बसले तेव्हा मला खडीचा ढीग आठवला नाही. 'करुणेचा झरा' आठवला. शिक्षणाने मला शब्द दिले आणि त्या शब्दांनीच माझ्या डोळ्यांदेखतची मजुरी झाकून टाकली.

मजुरीला माया म्हटले की तिचा दर विचारता येत नाही. हे नीट समजून घेतले पाहिजे. वेठबिगारीच्या बाबतीत आपण हे फार लवकर ओळखले. महाराच्या वेठीला गाव 'मान' म्हणत असे. काठीचा मान, वेशीचा मान, सांगावा नेण्याचा मान. बाबासाहेबांनी वतनाची चिरफाड केली आणि आपल्याला कळले की ज्याला मान म्हणतात ते फुकटचे काम आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविषयीचे विधेयक त्यांनी आणले, ते याच जाणिवेतून. मग घरातल्या वेठीला आपण 'माया' आणि 'त्याग' म्हणतो तेव्हा तीच भाषा आपण उलट्या बाजूने बोलत नाही काय?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पुरुषांनी लिहिलेल्या आत्मकथनांत स्त्रीचे श्रम आलेच नाहीत, असे माझे म्हणणे नाही. ते आले आहेत. वाचले गेले नाहीत. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातल्या कावाखान्यातील बाया रस्त्यावरच्या चिंध्या, कागद, काचा वेचतात, त्या निवडून विकतात. काही जणी वेश्यावस्तीतील बायकांची लुगडी धुऊन देतात. कष्ट बायांचे, आणि त्या पैशावर डोळा घरातल्या दारूबाजांचा. हेही लेखकाने लपविलेले नाही. पुस्तक आल्यावर त्याच्या प्रामाणिकपणाची चर्चा झाली, भाषेच्या राकटपणाची झाली, हे आत्मचरित्र की कादंबरी याचीही झाली. कावाखान्यातील बाई एका दिवसात किती वेचते, त्याचे काय येते आणि ते कोण ठेवते, हा प्रश्न मी कोणाच्या परीक्षणात वाचल्याचे मला आठवत नाही. माझ्या निबंधात तर तो नव्हताच. लेखकाने मांडलेला हिशेब समीक्षकाने पाहिला नाही, तर दोष लेखकाचा नव्हे.

पुढे स्त्रिया स्वतः लिहू लागल्या, आणि समीक्षेची खरी परीक्षा तेथे झाली.

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमचं' प्रथम 'स्त्री' मासिकातून क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने निघाले. वीरगाव-फलटण परिसरातील महारवाड्याचे हे वर्णन. त्यात लाकडाच्या मोळ्या विकायला जाणाऱ्या बायांचा एक प्रसंग आहे. बाया रानातून लाकडे तोडून आणतात, डोक्यावरून ब्राह्मण आळीत नेतात. विकत घेणारी बाई त्यांना बजावते की, लाकडाला तुमचा केस किंवा लुगड्याचा धागा चिकटलेला असेल तर तो काढून टाका, नाही तर आमचे घर विटाळेल. हा प्रसंग अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून पुष्कळांनी दिला, आणि ते बरोबरच आहे. पण तो बाजाराचाही प्रसंग आहे. येथे विकणारी स्त्री आहे आणि घेणारीही स्त्रीच आहे. जिची चूल त्या लाकडावर पेटणार आहे तिला लाकूड चालते, पण ते तोडणाऱ्या हाताचा केस चालत नाही. 'स्त्री तितुकी एक' म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा. आणि दलितांचा प्रश्न म्हणजे फक्त पुरुषाच्या मानाचा प्रश्न असे म्हणणाऱ्यांनीही वाचावा. कारण मोळी बाईच्या डोक्यावर आहे.

याच पुस्तकात कोवळ्या वयातल्या सुनांचा जाच आहे. दळण, पाणी, भाकरीचा ढीग, अर्धवट झोप, आणि काही चुकले तर सासूच्या कागाळीवरून नवऱ्याचा मार. पळून जाणाऱ्या सुनेचे नाक कापण्यापर्यंत मजल गेलेली आहे. लेखिकेने स्वतःच्या वडिलांविषयीही लिहिले आहे. ठेकेदारीची कामे करणारा, सढळ हाताचा, गरिबांना मदत करणारा हा माणूस बायकोला मात्र पिंजऱ्यातल्या पाखरासारखी घरात कोंडून ठेवत असे. बाईला बाहेर न सोडणे ही वरच्या जातीची प्रतिष्ठा. चार पैसे हातात आले की ती आमच्या वस्तीतही येते. मोळी विकणारी बाई राबराबून मरते, आणि जिला मोळी विकावी लागत नाही ती कोंडली जाते. दोन्हीकडे तिच्या श्रमाचा आणि हिंडण्याफिरण्याचा धनी दुसराच असतो.

या पुस्तकाविषयी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बेबीताई फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून लिहीत, आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवीत. एक-दोन नव्हे, कित्येक वर्षे. २००८ साली माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत त्यांनी नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी सांगितले. मूळ पुस्तकात मात्र ते स्वतःचे दुःख म्हणून आलेले नाही. पुस्तकाचे नाव 'जिणं आमचं' आहे, 'माझं' नव्हे. आमच्या समीक्षेने या 'आमचं'चा मोठा गौरव केला. समूहाची जाणीव, व्यक्तिवादाचा नकार वगैरे. हा गौरव खोटा नाही. समाजाचे सांगायचे म्हणून मी लिहिले, असे त्यांचे स्वतःचेच म्हणणे आहे. पण बाईला 'माझं' म्हणण्याची मोकळीक होती आणि तरीही तिने 'आमचं' निवडले, की 'माझं' म्हटले तर कागद फाडले जातील अशी स्थिती होती, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. ज्या लेखिकेला आपली वही लपवावी लागते, तिच्या मौनाचेही वाचन करावे लागते.

शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' याच सुमारास पुस्तकरूपाने आले. सोलापूर जिल्ह्यातील महूदची नाजा शिकते, शिक्षिका होते, पुढे शिक्षण विस्तार अधिकारी होते आणि निवृत्तीनंतर लिहिते. सगळा सूर साधा, बोलीचा, तक्रारीचा आव नसलेला. या साधेपणामुळेच काही जणांनी 'यात विद्रोह कमी आहे' असे म्हटले. पण शिकलेल्या, नोकरदार नवऱ्याने दुसरी बायको केली तेव्हा ही बाई घरातून निघून माहेरी जाते, हा विद्रोह नव्हे तर काय? अडचण अशी की आमच्या व्याख्येतला विद्रोह गावाविरुद्ध असावा लागतो, मंदिराविरुद्ध, पाणवठ्याविरुद्ध. घराचा उंबरठा हा आम्ही विद्रोहाचा पाणवठा मानला नाही. म्हणून तेथे उभी असलेली बाई आम्हाला बंडखोर दिसली नाही, नुसती दुःखी दिसली.

कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे, म्हणजे या दोघींच्याही आधीचे. नोकरीच्या दारात जात आणि स्त्रीत्व एकत्र कसे उभे असतात हे मला त्याहून स्पष्टपणे दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकात दिसले नाही. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मलेली ही मुलगी संस्कृत घेऊन एम. ए. होते. कौतुकाचे सत्कार होतात. नोकरी मात्र मिळत नाही. पुढे आंतरजातीय विवाह होतो, सोमकुवरची पावडे होते, आणि शासकीय महाविद्यालयात संस्कृतच्या अध्यापनाची नेमणूक मिळते. लेखिका स्वतःच नमूद करते की, नोकरी मिळाली ती 'पावडे' या आडनावाला. माहेरची कुमुद सोमकुवर अजून दाराबाहेरच आहे. यातला जातीचा भाग सर्वांनी वाचला. पण लग्नानंतर आडनाव बदलते ते बाईचेच. पुरुषाच्या जातीचा शिक्का बायकोवर बसतो, बायकोचा पुरुषावर बसत नाही. जातिव्यवस्थेने बाईला स्वतःची जातसुद्धा स्वतःची म्हणून दिलेली नाही. बापाची असते, मग नवऱ्याची. तिची पदवी मात्र तिचीच होती, आणि नेमणुकीच्या वेळी नेमकी तीच पुरेशी ठरली नाही.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' २००३ साली आले आणि माझ्या मायच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ पोहोचले, असे मला वाटते. आयदान म्हणजे बांबूची विणलेली टोपली, सूप, रोवळी. नवऱ्याच्या माघारी लेखिकेची आई आयदाने विणून मुलांना वाढविते, शिकविते. पुस्तकाच्या आरंभीच डोंगर उतरून, डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बाया येतात. आईची वीण आणि आपले लिहिणे यांचे नाते लेखिका स्वतः सांगते. हे नाते सांगताना तिने आईला देव्हाऱ्यात बसविले नाही. बांबूच्या पात्यांसमोर बसविले. हे मला फार मोलाचे वाटते. पुढे मुंबईत सरकारी कार्यालयातील नोकरी, मुलांचे करणे, स्वयंपाक आणि त्यातून पुढचे शिक्षण. आणि त्या शिक्षणाला, लिहिण्याला, सभांना जाण्याला नवऱ्याची नाराजी. हा नवरा काही परक्या विचाराचा नाही, बाबासाहेबांना मानणाराच आहे. पुस्तक आल्यावर आमच्यातल्या काहींनी कुरकुर केली की, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडू नयेत, शत्रूच्या हातात कोलीत मिळते. याच लेखिकेने मीनाक्षी मून यांच्यासह 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली दिले आणि आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या घरोघर जाऊन त्यांचे बोलणे नोंदविले. त्या पुस्तकाचे सर्वांनी स्वागत केले. चळवळीत बाईने काय केले हे सांगितले तर गौरव, आणि घरात बाईचे काय झाले हे सांगितले तर कुरकुर. एकाच बाईचे हे दोन अर्धे आहेत. आम्हाला एकच हवा असतो.

'फूट पडते' हा आक्षेप मी प्रामाणिक मानते, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. दलित स्त्रीचा प्रश्न हा पांढरपेशा स्त्रीमुक्तीचे अनुकरण आहे, असे अजूनही म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदया'त मुक्ता या मांग समाजातील, फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. त्यात बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या महार-मांगांच्या बायकांचे हाल आहेत. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ चा. त्यावर टीकेची झोड उठली तेव्हा जोतीरावांनी 'सत्सारा'त त्यांची बाजू घेतली. म्हणजे हा प्रश्न आमच्या परंपरेच्या पायातच आहे.

बाबासाहेबांचे काम तर कायद्याच्या पानावरच आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. बाळंतपणात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात दलित वर्ग महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब उपस्थित होते. त्या परिषदेचे ठराव आज पुन्हा वाचण्यासारखे आहेत. घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीकत्वाला बंदी या मागण्या तर होत्याच. पण गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, एक महिन्याची हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन मिळावे, अशीही मागणी होती. मायचा प्रश्न त्या बायांनी ठरावाच्या भाषेत १९४२ सालीच मांडला होता. आम्ही साहित्यवाले मागे राहिलो.

येथे एक अवघड गोष्टही नोंदविली पाहिजे. युद्धकाळात, १९४३ साली, कोळशाच्या खाणींत स्त्रियांना जमिनीखाली उतरविण्यावरची बंदी उठविली गेली, आणि मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना १९४४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयाचे समर्थन करावे लागले. तेव्हाही स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन हे तत्त्व त्यांनी पुढे ठेवले. १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. निर्णयाविषयी मतभेद असू शकतो. पण बाईच्या कामाचा प्रश्न आला की ते तिच्या वेतनाचे बोलत, मायेचे नव्हे, हे त्यातून दिसते. पुढे १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडताना त्यांना 'फूट पडेल' असे सांगणारे कमी नव्हते.

दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. १९७५ नंतर मराठीत 'घराबाहेर पडलेल्या स्त्री'विषयी पुष्कळ लिहिले गेले. नोकरी करणाऱ्या बाईची ओढाताण, घरकामाचे न मोजलेले मोल. चांगले विषय आले. पण त्या कथांतील नायिका लोकल पकडायला धावते तेव्हा मागे तिच्या घरी भांडी घासणारी बाई असते, आणि ती कथेच्या कडेला, दारातल्या चपलांजवळ कुठेतरी संपते. आमची बाई घराबाहेर कधी 'पडली' नाही. ती आत कधी नव्हतीच. तिच्यासाठी बाहेर पडणे ही मुक्ती नव्हती, तो रोजचा रोज होता. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. मराठी कथेने मात्र त्या बाईला अजून नायिकेची नेमणूक दिलेली नाही. १९९५ साली गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळे बोलतात असा विचार मांडला, त्याचा अर्थ मी असा घेते: आमच्या बायांचे बोलणे दोन्ही सभामंडपांत ऐकू येत नव्हते. एका मंडपात त्या फक्त स्त्री होत्या, दुसऱ्यात फक्त दलित.

हे सारे जुन्या काळाचे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ऊसतोडीचा हिशेब पाहावा. मराठवाड्यातून दर हंगामात ऊसतोडीला टोळ्या जातात. तेथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. उचल मुकादमाकडून घेतो तो नवरा, फेडतात दोघे. बाई पहाटे भाकरी करून फडात येते, ऊस गोळा करते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढविते, रात्री कोपीवर येऊन पुन्हा चूल. खाडा झाला की दंड. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याचे २०१९ साली पुढे आले, राज्य सरकारने समिती नेमली, वर्तमानपत्रांनी रकाने भरले. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. या हिशेबाशी त्या शस्त्रक्रियांचा संबंध बायांनी स्वतः सांगितला. या टोळ्यांत वंजारी आहेत, मराठा आहेत, भटके आहेत, आमचेही आहेत. जात वेगवेगळी, पण बाई सगळीकडे अर्धा कोयता. १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला; परंतु जेथे बाईची स्वतंत्र मोजणीच होत नाही, तेथे समान कशाशी म्हणायचे? १९७२ च्या खडीचा ढीग आणि आजचा कोयता यांत मला फरक दिसत नाही. ढीग दोघांचा, नाव एकाचे.

मग समीक्षेने काय करावे? मी नवे सौंदर्यशास्त्र मांडत नाही. तेवढा माझा अधिकार नाही. एवढेच सुचविते की, कोणतेही आत्मकथन, कथा, कविता हाती घेतली की वेदना-विद्रोह-नकार यांच्या बरोबरीने तीन साधे प्रश्न विचारावेत. काम कोणी केले? मोजले कोणी? रोज कोणाच्या हातात पडला? या प्रश्नांनी वाचले तर पुस्तके लहान होत नाहीत, उलट मोठी होतात. कावाखान्यातील बाई पार्श्वभूमीतून पुढे येते. मोळीवरचा केस जातीबरोबर बाजारही दाखवितो. 'पावडे' या आडनावात लग्नसंस्था दिसते. आणि लेखक पुरुष असो वा स्त्री, त्याने कोठे हिशेब लिहिला आणि कोठे गाळला, हे कळते. गाळलेल्या हिशेबाबद्दल त्याला शिक्षा द्यायची नाही. पण तो गाळला आहे, हे समीक्षकाने सांगितले पाहिजे.

हे प्रश्न स्वतःला लावल्याखेरीज दुसऱ्याला लावू नयेत, म्हणून शेवटी माझा हिशेब. ज्या वर्षी मी तो निबंध वाचला त्या वर्षी माझा पगार माझ्या नावाने बँकेत जमा होत होता, आणि पासबुक यांच्या कपाटात होते. हे चळवळीतले. सावित्रीबाईंच्या जयंतीला यांचे भाषण ऐकून लोक भारावून जात, आणि त्या दिवशी घरी येणाऱ्या कार्यकर्त्यांचा स्वयंपाक मी रजा टाकून करीत असे. कोणी मला मारले नाही, कोंडले नाही. पैशाला कधी नाहीही म्हटले नाही. फक्त ते मागावे लागत. मायच्या प्रश्नानंतर काही महिन्यांनी मी पासबुक मागितले. यांनी दिले, आणि विचारले, "तुझा माझ्यावर विश्वास नाही का?" मी उत्तर दिले नाही. आज देते. विश्वास होता. पण पगार माझा होता, आणि ज्या गोष्टीचा हिशेब मागितला की विश्वासाचा प्रश्न निघतो तेथे हिशेब कधीच झालेला नसतो. हे गावाच्या बाबतीत आपल्याला बाबासाहेबांनी शिकविले आहे.

यांनी पुढे स्वतः होऊन स्वयंपाकघरात पाऊल टाकले, हेही नोंदविते. अर्धा हिशेब देणे बरे नव्हे.

माय १९९६ साली गेली. तिच्या नावावर काही नव्हते: जमीन नाही, घर नाही, हजेरीपटावरचा एक दिवसही नाही. आमच्या वस्त्यांत अजून अशा म्हाताऱ्या आहेत, ज्यांनी खडी फोडली, विड्या वळल्या, नगरपालिकेचा झाडू मारला, वीटभट्टीवर घमेली वाहिली. या त्रैमासिकाच्या तरुण वाचकांना माझी विनंती आहे की, त्यांच्याकडे वही घेऊन जावे. त्यांना दुःख विचारू नये. ते त्या सांगतीलच. त्यांना काम विचारावे, दर विचारावा, आणि तो रोज कोणी घेतला हे विचारावे. ते लिहून येऊ द्या. ते साहित्य आहे की नाही, याचा वाद आपण नंतर घालू.